लग्नाच्या तुपाची भिंत

तुमच्यापैकी थोरल्याचं पत्र आलं. नव्या घराच्या भिंतींना म्हणे असा गिलावा केला आहे, की त्यात मेणाचे डोळ्यांना न दिसणारे कण आहेत. दुपारी ऊन तापलं की ते मेण आतल्या आत वितळतं आणि उष्णता पोटात घेतं. संध्याकाळी गार पडलं की ते गोठतं आणि तीच उष्णता घराला परत देतं. त्यामुळे वीज कमी लागते. शेवटी लिहिलंय, "आजी, तुला हे खरं वाटणार नाही."

मला ताबडतोब खरं वाटलं. अशा खोलीत मी एका उन्हाळ्यात शिकवलं आहे. फक्त आमच्या भिंतीत मेण नव्हतं, वनस्पती तूप होतं, आणि तेही एका लग्नात उरलेलं.

तुमच्या आजोबांनी ही हकिगत सांगितली असती तर भिंतीपासून सुरू करून भिंतीवरच संपवली असती. माणसं मध्ये आलीच नसती. म्हणून मी सांगते, आणि क्रमाने सांगते.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आम्ही दोघं देऊळगाव राजाच्या एका शाळेत शिक्षक होतो. हे विज्ञान शिकवत आणि मी इंग्रजी. माझं कॉलेज नागपूरला झालेलं. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली बाई गावात दुसरी नव्हती, त्यामुळे कोणाची तार आली की ती आधी माझ्याकडे यायची आणि मग ज्याची त्याच्याकडे जायची. कोण कुठे वारलं, कोणाची बदली झाली, हे मला घरच्यांच्या आधी कळे. मला ते मुळीच आवडत नसे, पण नाही म्हणायचीही सोय नव्हती.

सातवीनंतर मुलींना मुलांच्या वर्गात बसवायला त्यांचे वडील तयार नसत. मोठ्या मिनतवारीने सात मुली मिळाल्या, ज्यांना मॅट्रिकला बसायचं होतं आणि ज्यांच्या घरून, स्वतंत्र वर्ग असेल तर, हो म्हटलं होतं. शाळेच्या इमारतीत जागा नव्हती. मागे मातीच्या भिंतींची, पत्र्याच्या छपराची एक खोली होती. तिच्यात मोडकी बाकं आणि आफ्रिकेच्या जागी भोक पडलेला पृथ्वीचा गोल ठेवलेला असे. ती खोली आम्हाला मिळाली. वेळ मिळाली दुपारची, कारण सकाळी मी मुलांना शिकवत होते आणि मुलींना घरचं काम असे.

थंडीत सगळं ठीक चाललं. होळी झाली आणि पत्रा तापायला लागला. आपल्याकडचं ऊन तुम्ही सुट्टीत पाहिलं आहे, पण पत्र्याखालचं ऊन पाहिलेलं नाही. दोन वाजता फळ्याला हात लावला तर चटका बसे. एका दुपारी तिसऱ्या बाकावरची मुलगी उत्तर सांगता सांगता शेजारणीच्या अंगावर कलंडली. पाणी मारलं, कांदा हुंगवला, तिला शुद्ध आली. ती म्हणाली, "बाई, उत्तर बरोबर होतं का?" पण तिचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले, त्यांच्यामागून आणखी दोघींचे आले, आणि सगळे मिळून अध्यक्षांकडे गेले.

अध्यक्ष म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. मोठे शेतकरी होते. गाव त्यांना मालक म्हणे. मुलींनी शिकावं असं त्यांचं मत नव्हतं आणि शिकू नये असंही नव्हतं. जेवणाच्या वेळी तक्रार घेऊन कोणी दारात येऊ नये, एवढंच मत होतं. त्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं, "पोरी भाजून काढाच्या हायेत का मास्तर? हा सोडून पुढच्या शनिवारी मी सोता येतो. भर दुपारी तासभर त्या खोलीत बसतो. मले बसवलं तं वर्ग चालू, नाही बसवलं तं बंद."

हे म्हणाले, "मुख्याध्यापकांच्या खोलीतला पंखा..."

"तो पंखा तिथंच राहील. वीज का अडगळीच्या खोलीत न्यायाले आनली काय?"

परीक्षेला महिना राहिला होता. वर्ग बंद झाला असता तर सातही मुलींचं वर्ष गेलं असतं, आणि त्यांतल्या कलंडलेल्या मुलीचं त्याहून जास्त गेलं असतं. तिचं लग्न ठरलं होतं. परीक्षेपर्यंत थांबू, असं तिच्या वडिलांनी कबूल केलं होतं. परीक्षा नाही तर थांबायचं कशासाठी? वैशाखात उरकून टाकायचं. ती मला म्हणाली, "बाई, काहीबी करा, पन खोली थंडी करा." एवढं सोपं करून तिने माझ्या हाती दिलं.

मी ते घरी जेवताना तुमच्या आजोबांच्या हाती दिलं. ते भातावरचं तूप वितळताना पाहत बसले. भात गार झाला. मग म्हणाले, "अगं, बर्फाच्या पेल्यातला शेवटचा खडा विरेपर्यंत पाणी गारच राहतं ना?"

"राहतं."

"का राहतं? बाहेरून आलेली सगळी उष्णता बर्फ वितळवण्यात खर्ची पडते. पाणी तापवायला ती उरतच नाही. आता समज, भिंतीतच असं काही घातलं, जे दुपारी वितळेल आणि रात्री गोठेल. जोवर ते सगळं वितळत नाही तोवर भिंत तापणार नाही. भिंत तापली नाही तर खोलीही कमी तापेल."

"आणि असं काय आहे?"

ते त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेत प्रयोग लावला. माणसाच्या अंगाइतक्या उष्णतेला वितळेल असा पदार्थ हवा होता, म्हणून परीक्षा तळहातावर घ्यायची. मेणबत्तीचा तुकडा दहा मिनिटं धरला तरी तसाच राहिला. खोबरेल तर आपल्याकडे मार्चमध्ये पातळच असतं. वनस्पती तुपाची गोळी मात्र हातावर हळूहळू पाघळली. एका हातावर विश्वास ठेवणं शास्त्रीय नाही म्हणून त्यांनी शिक्षकांच्या खोलीतल्या सगळ्यांच्या हातांवर गोळ्या ठेवल्या. तेवढ्यात घंटा झाली. त्या दिवशीच्या सगळ्या वह्या तेलकट तपासल्या गेल्या.

आता वनस्पती तूप डब्यांनी आणायचं कुठून, हा प्रश्न होता. तो आचाऱ्याने सोडवला. हा आचारी गावातली सगळी मोठी लग्नं करी. त्याला यांनी सहज विचारलं, वनस्पती तूप मिळेल का, खवट झालेलं असलं तरी चालेल. आचाऱ्याने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, पाच डबे हायेत माह्याकडं. टाकून दे म्हून सांगतलं होतं, पन तूप फेकाले माहा हात होत नाही. तुमी घेऊन जा. फक्त कुठून आनले ते कोनाले सांगू नका. मले शब्द द्या."

यांनी शब्द दिला. मग आचाऱ्याने सांगितलं.

माघात मालकांच्या मुलीचं लग्न झालं होतं. अशा पंगती गावाने पाहिल्या नव्हत्या. मालक स्वतः तुपाची वाटी घेऊन पंगतीतून फिरत होते आणि म्हणत होते, "वाढून घ्या, लाजू नका. सारं साजूक हाय. माह्या घरी वनस्पतीचा थेंब येत नाही." वाटीतलं तूप साजूकच होतं. पण बुंदी, पुऱ्या आणि जिलेब्या वनस्पतीत तळल्या होत्या. आपल्याकडे लग्नात कोणी काय नेसलं हे लोक आठवड्यात विसरतात, पण तूप कोणतं होतं हे नातवंडांना सांगतात. म्हणून ते उरलेले डबे मालकांना नजरेसमोर नको होते.

मी म्हटलं, "अहो, दुसरीकडून आणा. जे मालक खोली तपासायला येणार, त्यांचंच तूप भिंतीला?"

"तुपाला कुठे माहीत आहे ते कोणाचं आहे," हे म्हणाले. शास्त्रीयदृष्ट्या ते बरोबर होतं.

भिंती लिंपणारी एक म्हातारी होती. सगळे तिला मावशी म्हणत. तिने पांढरी माती भिजवली, शेण कालवलं, आणि यांनी तिच्यापुढे लाकडाच्या भुशाचं घमेलं ठेवलं. भुसा वितळलेल्या तुपात दिवसभर मुरवलेला होता, म्हणजे तूप भुशात धरून राहील आणि ओघळणार नाही. मावशीने वास घेतला.

"मास्तर, हे तूप हाय."

"हो, मावशी."

"भिताडाले काऊन चारून राह्यले? भिताड का पंगतीले बसनार हाय?"

यांनी तिला बर्फ, पेला, शेवटचा खडा, सगळं समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. पन वरून साध्या मातीचा जाड हात देतो मी. नाही तं मुंग्या येतील."

हे म्हणाले, जाड थर दिला तर उष्णता तुपापर्यंत पोचणार नाही. मावशीने माझ्याकडे पाहिलं. माझं मत मावशीच्या बाजूचं होतं, पण पदवी माझ्याकडे इंग्रजीची होती. वरचा हात पातळ दिला गेला. तीन डब्यांत तीन भिंती झाल्या. चौथ्या भिंतीला दार-खिडकी होती, ती तशीच राहिली.

भिंत वाळली आणि खोली खरोखर बदलली. दोन वाजता आत गेलं की, पत्रा डोक्यावर तोच असूनही, अंगाला झोंबणारं काही नसे. प्रयोगशाळेतले दोन तापमापक यांनी आणले. एक बाहेर कडुलिंबाखाली टांगला, एक आत. कडुलिंबाखालच्या पाऱ्यापेक्षा आतला पारा दोन-तीन रेघा खाली राही. पत्र्याची खोली झाडाच्या सावलीहून गार, हे पाहून तुमचे आजोबा दिवसातून चार वेळा दोन्हीकडे चकरा मारू लागले.

फक्त दुपारी भिंतीला किंचित घाम येई, आणि वास. खवट वास नव्हे. तुपात तळलेल्या पुऱ्यांचा, मन अस्वस्थ करणारा वास. पहिल्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "बाई, कुठं जेवनावळ हाय का?" वर्ग सुटताना सातहीजणी नेहमीपेक्षा वेगाने घरी पळत. गावातली दोन मांजरं येऊन उंबऱ्यावर बसत आणि शिकवणं ऐकत. मुंग्याही आल्या, मावशी म्हणाली होती तशाच. मी भिंतीच्या पायथ्याशी हळदीची रेघ ओढली आणि रोज एकेका मुलीवर ती नीट ठेवण्याचं काम सोपवलं. त्याचा तक्ताही केला होता. मुंग्या तक्ता पाळत, निदान शनिवारपर्यंत.

शनिवारी मालक आले. पोटभर जेवून आले होते. पांढरंशुभ्र धोतर, नवा पांढरा कोट, टोपी. बरोबर मुख्याध्यापक आणि तक्रार केलेले तिघे वडील. मी मालकांसाठी खोलीच्या बरोबर मध्यभागी खुर्ची मांडली होती. चारी भिंतींपासून ती सारख्याच अंतरावर होती. मी दोरीने मोजलं होतं.

मालकांनी खुर्चीकडे पाहिलं. "तासभर खुर्चीवर माह्याच्यानं बसवत नाही. जाजम टाका."

जाजम टाकलं गेलं. आयुष्यभर जो माणूस बैठकीत लोडाला टेकून बसला, तो जाजमावर बसल्यावर काय करणार? ते मागे सरकले आणि भिंतीला टेकले. हे काहीतरी बोलायला पुढे झाले. पण मालक म्हणाले, "वा. गार हाय," आणि डोळे मिटले. आता उठा म्हणणार कोण?

मी शिकवायला सुरुवात केली. कोणी बोललेलं वाक्य दुसऱ्याने कसं सांगायचं, हा त्या दिवशीचा धडा होता. दहा मिनिटांत मालकांचं घोरणं सुरू झालं. ते एका लयीत होतं आणि मोठं होतं. मी आवाज चढवला, त्यांनीही चढवला. दारात बसलेले तिघे वडील गंभीरपणे ऐकत होते, मात्र कोणाचं ते मला सांगता येणार नाही. मी कलंडलेल्या मुलीला फळ्यावर एक उदाहरण लिहायला सांगितलं. तिने सुवाच्य इंग्रजीत लिहिलं, "पाहुणे म्हणाले की ते झोपलेले नव्हते." मी ते पुसलं नाही. वाक्य शुद्ध होतं.

माझी नजर मात्र भिंतीकडे होती. मालकांच्या खांद्यांभोवती भिंत ओली दिसू लागली होती. माणसाच्या अंगाइतक्या उष्णतेला वितळेल असा पदार्थ यांनी निवडला होता, आणि तिथे प्रत्यक्ष माणूसच टेकला होता, तोही चांगला भरदार.

घंटा झाली. मालक दचकून जागे झाले. "ऐकून राह्यलो होतो मी," ते म्हणाले. सात मुलींनी फळ्याकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या.

ते उठायला गेले तर उठता येईना. मुख्याध्यापकांनी हात दिला. ओल्या चिखलातून पाय निघावा तसा आवाज झाला आणि मालक भिंतीपासून सुटले. मागे भिंतीवर त्यांची पाठ राहिली. रुंद खांदे, मधली शिवण, कॉलरची घडी, सगळं स्पष्ट. आणि कोटावर भिंत आली होती, भुशासकट. मुंग्यांना नवा रस्ता सापडला होता. हळदीची रेघ जाजमाखाली गेली होती, आणि कोटावर काही माझा तक्ता चालत नव्हता.

दारातले एक वडील म्हणाले, "मालक, पाठीमागं जरा..."

मालकांनी कोट काढला. पाहिला. मग तो नाकाशी नेला, आणि त्यांचा चेहरा बदलला. लेकीच्या लग्नात तीन दिवस ते त्या कढयांजवळ उभे होते. तो वास कशाचा, ते त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"मास्तर, हे काय लावलं भिताडाले?"

"वनस्पती तूप," हे म्हणाले.

"कुठून आनलं?"

तुमच्या आजोबांनी उभ्या जन्मात कोणाला एक गुणसुद्धा वाढवून दिला नाही. खोटं त्यांना बोलता येत नव्हतं, आणि खरं बोलायचं नाही असा शब्द दिला होता. ते उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. सात मुली माझ्याकडे बघत होत्या. वैशाखात उरकलं जाणारं लग्न माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि या वेळी एक लहानसं खोटं बोलायला काय हरकत आहे, असं मला यांना खुणेने सांगायचं होतं. पण अशी खूण कुठल्याच भाषेत नाही.

हे म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही, साहेब. मी एकाला शब्द दिला आहे."

दारातले वडील लगेच पुढे सरसावले. "काऊन सांगता येत नाही? चोरीचं हाय का? मालक, याचा छडा लावाच. एवढं तूप गावात कोनाच्या घरी असते? आपन आचाऱ्याले इचारू, त्याले सारं ठाऊक असते."

"काही इचारू नका," मालक म्हणाले. ते इतक्या घाईने म्हणाले, की मांजरंसुद्धा उठून उभी राहिली. मग सावकाश म्हणाले, "मास्तर शब्दाचा मानूस हाय. अशा मानसाले आडवं इचारू नये."

"पन तुमचा कोट, मालक..."

"कोट धुता येते. खोली गार हाय का नाही? मी तासभर बसलो का नाही?"

"बसले," तिघेही म्हणाले. ते झोपले होते हे सांगायला कोण पुढे येणार?

मालकांनी शेरेबुक मागवलं. उभ्या उभ्या लिहिलं, "खोली बसण्यास योग्य आहे. वर्ग परीक्षेपर्यंत चालू ठेवावा." सही केली. कोटाची घडी करून, पाठ आत घालून, तो काखेत घेतला. जाताना दारात यांच्याजवळ थांबले. मी दोन पावलांवर होते म्हणून मला ऐकू आलं.

"डबे किती राह्यले?"

"दोन."

"तेबी लावून टाका. आजच."

अशी आमची दाराची भिंतही तुपाची झाली. मालकांच्या पाठीचा ठसा मावशीने त्याच संध्याकाळी लिंपून टाकला. तसा निरोप वाड्यावरून आला होता. लिंपताना ती म्हणाली, "जाड हात देतो म्हनलं होतं मी." यांनी या वेळी विरोध केला नाही.

इथे मी थोडा क्रम मोडते आणि भिंतीचं पुढे काय झालं ते सांगून टाकते, म्हणजे थोरल्याची उत्सुकता शमेल. पावसाळ्यात तिच्यावर हिरवी बुरशी आली. दिवाळीत मावशीने सगळी भिंत खरवडून काढली आणि गव्हाचा भुसा घातलेल्या मातीचा वीतभर जाड थर दिला. पुढच्या उन्हाळ्यात खोली तशीच गार राहिली, असं माझं मत. हे शेवटपर्यंत म्हणत की तुपाची भिंत सव्वा रेघ जास्त गार होती, आणि तुपाचे कण हवाबंद करता आले असते तर मुंग्यांचा प्रश्नच आला नसता. तुमच्या घराचा गिलावा करणाऱ्यांनी बहुधा तेवढंच शोधून काढलं आहे. तरी पांढरे कपडे घालून त्या भिंतीला टेकू नका.

परीक्षेचं केंद्र बुलढाण्याला होतं. सात मुली, मी, आणि सोबत म्हणून कलंडलेल्या मुलीचे वडील, असे आम्ही भल्या सकाळी बसमध्ये चढलो. तीन आठवडे त्या खोलीत बसून मुलींच्या ओढण्यांना, वह्यांना, केसांनासुद्धा तो वास लागला होता. आम्हाला तो आता येत नसे. कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापर्यंत आला, थांबला आणि त्याने दोनदा श्वास घेतला.

"बाई, लगनाले चालले का सारे? पुऱ्या सोबत हायेत वाटते."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. ज्या मुलीचं लग्न थांबलं होतं, तीच बोलली.

"नाही, भाऊ," ती म्हणाली. "परीक्षेले."

तिचे वडील खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी मान वळवली आणि कंडक्टरला सांगितलं, "मॅट्रिकच्या." मग पुन्हा बाहेर बघू लागले.